दुसरा उंचवटा

मंगळवारी तिकीट अर्धं असतं, म्हणून ती चौघं मंगळवारी येतात.
नेरूळच्या खाडीकडून वारा, त्याला चिखलाचा वास,
आणि ही माणसं रांगेत उभी राहून
आमच्या पार्कची लाज काढतात.

'गरुडझेप?' ऋजुता चेंबूरकर म्हणते,
'नाव गरुडाचं, झेप कोंबडीची.
पहिला उतार कोमट. तिसऱ्या वळणाला कंबर अशी आपटते
की घरी जाऊन शेक घ्यावा.'
मुबीन म्हणतो, पुढे बसलीस तर तसंच होणार, मागे बस.
मागचा डबा माथ्यावरून खेचला जातो,
पुढचा नुसता लोंबकळतो.
डायना परेरा वहीत लिहिते.
तिच्या वहीत सव्वाशे राइड आहेत, सात देशांतल्या,
प्रत्येकीला दहापैकी गुण.
गरुडझेपेला साडेचार.
भोवऱ्याला दोन, 'त्यातला एक रंगासाठी.'

मी कठड्यापलीकडे ग्रीसचा डबा घेऊन उभा.
मला कोणी विचारत नाही.
मी ऐकतो, जसं बाप शाळेत पोराबद्दल ऐकतो:
पटतं अर्धं,
राग पूर्ण येतो.

मग वर्टीकाका. वय सदुसष्ट, गुडघ्याला पट्टा.
'तुम्ही सगळे चुकताय,' म्हणतात,
'इथली खरी राइड सुरवंट.'

सुरवंट! हिरवा, वाटोळ्या डोळ्यांचा,
कमरेएवढ्या पोरांसाठी.
आया त्यात पर्स पोटाशी धरून बसतात
आणि फोटोत डोळे मिटलेले येतात.
तिघं हसली.
'शेवटचा डबा. दुसरा उंचवटा.
पोटात नाही, बरं का, मांडीत.
बाकापासून दोन बोटं सुटता तुम्ही,
आणि कुणीतरी तुम्हाला परत ठेवतं,
फुलदाणी ठेवावी तसं.'

त्या दिवशी चौघं सुरवंटात अकरा वेळा बसली.
मागे वाढदिवसाची पोरं टोप्या घालून खोळंबली,
एका बाईने सरळ विचारलं,
तुमची मुलं कुठायत?
डायनाने खोडरबर मागितलं. सहाचे नऊ केले.

आता त्या उंचवट्याचं. ते मला माहीत आहे.
खांब क्रमांक नऊ.
खाली जुनं मिठागर, माझा बाप तिथे मीठ ओढायचा;
कितीही भराव टाका, जमीन मुरत राहते.
एका वर्षी नववा खांब बोटभर खचला.
मी आणि जनार्दनने खाली पोलादी पत्रा सारला,
घाईत, जरा जाडच.
तेवढा उंचवटा नकाशात नाही.
मोजमापात बसतो. काठावर, पण बसतो.

रोज सकाळी आठला चाचणीची फेरी मीच मारतो.
पुढच्या डब्यांत वाळूची पोती, शेवटच्यात मी,
मांडीवर बावीसचा पाना.
दुसऱ्या उंचवट्यावर
पान्याला क्षणभर वजनच नसतं.
चौदा वर्षं.
बायकोला सांगितलं नाही. सांगणार काय?

फेब्रुवारीत तपासनीस आला, चष्मा कपाळावर.
काठावरचं मला चालत नाही, म्हणाला, सरळ करा.
केलं. पत्रा पातळ घातला, रजिस्टरवर सही केली,
'गोमा भोपी', खाली तारीख.
दुसऱ्या दिवशी सकाळी पाना मांडीवर पाना होता.

मंगळवारी वर्टीकाका उतरले
आणि कठडा धरून उभे राहिले.
बाकीची तिघं गरुडझेपेवरून भांडत पुढे गेली.
'वंगण बदललंत का हो?'
पहिल्यांदाच कोणी मला विचारत होतं.
'नाही,' म्हटलं, 'पत्रा.'
आणि अंगठा नि बोट जवळ आणून जाडी दाखवली.
त्यांनी ती फट वाकून पाहिली,
चष्मा काढून पुन्हा पाहिली.
'इतकीच?'

'पावसाळा जाऊ द्या,' मी म्हटलं,
'जमीन अजून मुरतेय.'